आखाजी ते आखाजी : घरातली साठवण कोणती, अडगळ कोणती आणि वर्षाचा खर्च कसा बसवावा?

धागाकर्ती, जळगाव

सर्वांना नमस्कार. घरातला पसारा कमी करण्याविषयी हल्ली पुष्कळ लिहिले जाते आणि त्यात बहुधा एकच नियम सांगितलेला असतो : सहा महिन्यांत ज्या वस्तूला हात लागला नाही ती घराबाहेर काढा. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आठवड्याचे सामान आणणाऱ्या घराला हा नियम चालेल. आपल्या खानदेशातल्या घराला तो लावला, तर उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया, बिबडे आणि उडदाचे पापड, दादरची (रब्बी ज्वारीची) कोठी, पाहुण्यांच्या गोधड्या आणि कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशी कुलदेवीच्या उत्सवाच्या वेळी निघणारी मोठी पातेली असे सगळेच दारात मांडावे लागेल. यातली एकही वस्तू अडगळ नाही. त्याच वेळी आपल्या माळ्यांवर खरी अडगळ नाही असेही नाही, आणि साठवणीच्या नावाखाली ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की आपल्याकडे हिशेब वर्षाचा धरावा आणि तो आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) आखाजीपर्यंत धरावा. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राहणाऱ्या शेतगड्याचे साल आपल्याकडे आखाजीला ठरत आले आहे, गहू आणि दादर तोवर घरात आलेले असतात, कापसाचे पैसे मिळून गेलेले असतात आणि पेरणीचा खर्च अजून पुढे असतो. घर पाहण्यासाठी याहून सोयीची वेळ नाही. एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत जी वस्तू एकदा तरी कामाला आली आणि जिच्यामुळे काही विकत घेणे किंवा भाड्याने आणणे टळले, ती साठवण होय. जी आली नाही, तिच्याविषयी घरात बोलणे व्हावे. लगेच फेकणे मात्र नव्हे.

आमचे घर पाच माणसांचे आहे. सासूबाई, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले. एक पगार आणि अमळनेर तालुक्यातल्या शेतीचा वाटा, एवढ्यावर सगळे चालते. धान्याचा हिशेब मी असा करते : मोठ्या माणसाला महिन्याला साधारण साडेसात किलो आणि मुलाला पाच किलो धरले, तर तीन मोठी माणसे आणि दोन मुले यांना वर्षाला ३९० किलो, म्हणजे जवळपास ४ क्विंटल धान्य लागते. त्यात १ क्विंटल दादर आणि बाकीचा गहू. हा आकडा एकदा कागदावर आला की कोठी किती मोठी हवी तेही ठरते. आमच्याकडे पत्र्याच्या तीन कोठ्या होत्या, त्यांतली एक नुसतीच भरून ठेवलेली असे : तळाला मागच्या सालचे धान्य, वर नवे. जुन्यातले सोंडे नव्यात जातात आणि वर्ष संपायच्या आत सगळेच किडते. आता कोठी पूर्ण रिकामी करून, पुसून, दोन-तीन दिवस कडक उन्हात उघडी ठेवल्याशिवाय नवे धान्य आत जात नाही. सासूबाई दाणा दाताखाली धरून पाहतात. तो कट्ट असा आवाज करून फुटला पाहिजे; नुसता चेपला तर धान्यात ओल आहे, मग ते आणखी दोन उन्हे खाते. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवूनच थरांमध्ये घालावा, कारण ओलसर पाल्याने बुरशी धरते. तिसरी कोठी आम्ही दिराकडे दिली.

दुसरी गोष्ट पद्धतीची. संपूर्ण घर एका दमात काढू नये. एक फडताळ, एक पेटी किंवा माळ्याचा एक कोपरा असे घ्यावे आणि त्याच दिवशी ते पूर्ण करावे. ज्याची वस्तू, त्याचा निर्णय. वडीलधाऱ्यांच्या वस्तूला त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये, मग ती तुम्हाला कितीही निरुपयोगी वाटो. आणि बाहेर काढलेल्या प्रत्येक वस्तूचे ठिकाण आधी ठरलेले असावे, नाहीतर ती ओट्यावरून पुन्हा माळ्यावर जाते.

आपापल्या घरी हे कसे करता, खर्च कसा बसवता, ते कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद, भुसावळ

ताई, वर्षाचा हिशेब पटला. माझी नोकरी रेल्वेत गेली आणि क्वार्टर बदलावे लागत असल्याने सामान आपोआपच आटोक्यात राहिले. निवृत्तीनंतर स्वतःचे घर बांधले आणि गच्ची मिळाली, तेव्हा मात्र पसारा वाढला. आमच्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे प्रत्येक घराच्या गच्चीवर जुन्या कूलरचे सांगाडे, गंजलेल्या टाक्या आणि बंद मोटारी हमखास दिसतात. पुढच्या वर्षी दुरुस्त करू म्हणून ठेवलेला कूलर पुढच्या वर्षी कोणीही दुरुस्त करत नाही. पावसाळ्यात त्याच टाक्यांत पाणी साचते आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. मृग लागण्यापूर्वी गच्ची मोकळी करणे हा माझ्या मते साऱ्या आवराआवरीतला पहिला भाग असावा.

खर्चाच्या बाजूने विजेकडे पाहावे. घरगुती बिलाचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. वरच्या टप्प्याचा वाढीव दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो, पण तो फरक मोठा असतो, त्यामुळे वाचवलेले शेवटचे युनिट सर्वांत महागातले असते. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो आणि नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. आपल्याकडे पंखे मार्चपासून पार ऑक्टोबरपर्यंत चालतात, म्हणून ही रक्कम लवकर भरून निघते.

आणखी एक. नवा फ्रिज घेतल्यावर जुना फ्रिज पाण्याच्या बाटल्यांसाठी मागच्या खोलीत चालू ठेवायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. त्याचे बिल कोणी वेगळे मोजत नाही. आम्ही तो काढला आणि दोन माठ घेतले.

प्रतिसाद, धुळे

धागाकर्तीच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. वर्षाचा नियम सामाईक भांड्यांना लागू पडत नाही. कानबाईचेच उदाहरण घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी घर झाडून, धुऊन, रंगवून घेतात, रोटांसाठी माणशी मूठ मोजून गहू घेतले जातात आणि गावोगावचे भाऊबंद एका घरी जमतात. पण प्रत्येक भाऊबंदकीत हे दर वर्षी होतेच असे नाही. घरात सुतक आले, एखादा भाऊ येऊ शकला नाही, की वर्ष सुटते. घंगाळ, मोठी परात, चाळीस माणसांचे पातेले, समया हे सगळे त्या वर्षी पेटीतच राहते. म्हणून काय ते मोडीत घालायचे?

आमच्याकडे यावर तोडगा निघाला तो असा. चार चुलत घरांपैकी प्रत्येकाकडे मोठी पातेली होती आणि प्रत्येकाचा माळा त्यांनी अडलेला होता. सर्वांनी मिळून एकच संच राखला, तो ज्यांच्याकडे कोरडी, मोठी खोली आहे त्यांच्या घरी ठेवला आणि त्याची यादी चारही घरी आहे. कोणाकडे साखरपुडा असो की दशक्रिया, भांडी तेथून जातात आणि घासून, मोजून परत येतात. मंडपवाल्याकडून भांडी आणण्याचा खर्च वाचला, आणि उरलेली पितळी पातेली ज्याची त्याने विकली किंवा रोजच्या वापरात घेतली. कलईचा खर्चही आता चौघांत वाटला जातो. कलई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ करू नये एवढे मात्र नव्या पिढीला आवर्जून सांगावे लागते.

धागाकर्ती, जळगाव

धुळ्याच्या दादांचा मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या नियमात घालून घेते : सामाईक वस्तूला वर्ष न लावता पाळी लावावी. संचाची यादी प्रत्येक घरी असणे ही त्यातली खरी किल्ली आहे, कारण यादी नसली की पुढच्या पिढीत ते पातेले कोणाचे यावरून बोलणे होते.

प्रतिसाद, नंदुरबार

भांडी आणि कपडे परत घेता येतात, कागद परत मिळत नाहीत. आवराआवरीच्या उत्साहात पहिली ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते ती आजोबांची, म्हणून मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

जात प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी यांसाठी ठरावीक दिनांकापूर्वीचे पुरावे फार मोलाचे ठरतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक आहेत. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा असतो, मुदत जवळ आलेली असते आणि त्या वेळी पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा त्यांच्या जन्माची नोंद शोधण्यासाठी सगळे घर धावपळ करते. तो कागद कित्येकदा घरातल्याच एखाद्या डब्यात असतो, किंवा दोन वर्षांपूर्वीपर्यंत होता.

म्हणून काढू नयेत असे कागद : वाडवडिलांचे शाळेचे दाखले, कोतवाल बुकातील म्हणजे गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या नकला, खरेदीखते, वाटणीपत्रे, फेरफार उतारे, जुने सातबारा, मृत्यूचे दाखले. काही कागद मोडी लिपीत असतात आणि घरात कोणालाच वाचता येत नाहीत, एवढ्यावरून ते निरुपयोगी ठरवले जातात. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय त्यांना हात लावू नये. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखे. आपला मूळ खानदेश जिल्हा १९०६ साली विभागला गेला. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यामुळे आमच्या तालुक्यांतल्या जुन्या कागदांवर जिल्ह्याचे नाव वेगळे दिसते. ते पाहून कागद दुसऱ्या कोणाचा असावा असे समजू नये, आणि नोंद शोधताना जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीही चौकशी करावी.

हे कागद लॅमिनेट करू नयेत. गरम प्लास्टिकखाली जुना कागद आणि शाई दोन्ही खराब होतात आणि ते पुन्हा वेगळे करता येत नाही. स्वच्छ पांढऱ्या कागदात सैल घडी करून, कोरड्या डब्यात, वाळवीपासून दूर, भिंतीला न टेकवता ठेवावेत आणि भ्रमणध्वनीवर स्पष्ट छायाचित्रे काढून दोन-तीन नातेवाइकांकडे द्यावीत. याउलट जुनी वीज बिले, कालबाह्य हमीपत्रे, मुलांच्या संपलेल्या इयत्तांची गाईडे आणि लग्नपत्रिका यांचे ढीग निश्चिंतपणे काढता येतात. माझ्या अनुभवात ट्रंकेतले बहुतेक वजन याच कागदांचे असते.

प्रतिसाद, पुणे (मूळ चोपडा)

आई चोपड्याला एकटी असते. तिच्या कपाटात आहेरात आलेल्या साड्या खच्चून भरल्या आहेत, त्यांतल्या पुष्कळ घडीही मोडलेल्या नाहीत. विषय काढला की ती म्हणते, पुढच्या लग्नात द्यायला लागतील. ते खरेही आहे, पण मग देताना तीच साडी जिने दिली तिच्याच घरी परत जायची भीती, म्हणून पुन्हा नव्या घेतल्या जातात. यावर कोणाला काही सुचत असेल तर सांगावे. आईला दुखवायचे नाही.

धागाकर्ती, जळगाव

ताई, आईंच्या बोलण्यात अडचणीपेक्षा हिशेबच जास्त आहे, म्हणून उत्तरही हिशेबानेच द्यावे. प्रत्येक साडीला एक चिठ्ठी टाचावी : कोणाकडून, कोणत्या कार्यात, कधी. आईंबरोबर बसून हे काम करावे. त्यांना प्रत्येक साडीचे माणूस आठवते आणि ते ऐकण्यात दुपार चांगली जाते. चिठ्ठ्या लागल्या की कोणती साडी कोणाला देता येईल ते आपोआप दिसते, आणि येत्या लग्नसराईत किती नव्या घ्याव्या लागतील तो आकडा निघतो. बहुधा तो फारच थोडा असतो. आहेराच्या साड्यांवर होणारा खर्च लग्नाच्या वर्षात किराण्याच्या बरोबरीला येतो, म्हणून ही यादी मला स्वयंपाकघराच्या यादीइतकीच महत्त्वाची वाटते.

वापरून विटलेल्या सुती साड्या आणि धोतरे गोधडीसाठी वेगळी ठेवावीत. गोधडी सुती कापडाचीच करावी, सिंथेटिक साडीची गोधडी उन्हाळ्यात अंगाखाली तापते आणि घाम शोषत नाही. गोधडी शिवून देणाऱ्या बाया आपल्या भागात अजून आहेत. टाके दाट घातलेली गोधडी कित्येक वर्षे टिकते, तेव्हा मजुरीत घासाघीस करू नये. सिंथेटिक साड्या आणि पँट-शर्ट बोहारणीला द्यावेत, पण त्यांच्या बदल्यात आणखी एक स्टीलचा डबा घरात येणार नाही एवढे पाहावे. मी रोज लागणारी वस्तू घेते, किंवा तिला कपडे तसेच देते.

प्रतिसाद, शिरपूर

खर्चाविषयी लिहितो, कारण धाग्याच्या नावातला तो भाग अजून फारसा आलेला नाही.

खर्चाचे जे तक्ते छापलेले मिळतात ते दरमहा पगार येतो असे धरून केलेले असतात. आमच्यासारख्या शेतीच्या घरी कापसाचा पैसा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तुकड्यातुकड्यांनी येतो, हरभरा-गव्हाचा मार्च-एप्रिलमध्ये, आणि केळी असेल तर बाग कापली जाईल तेव्हा. खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला असतो आणि सर्वांत मोठा खर्च मे-जूनमध्ये असतो : बियाणे, खत, शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश. नेमक्या त्या वेळी हातात काही नसते, म्हणून किराणा उधारीवर जातो आणि उधारीच्या खात्यावर भाव पाहून घेता येत नाही.

आम्ही आता असे करतो. कापसाची पट्टी आली की आधी पीक कर्जाची रक्कम बाजूला काढतो, कारण ते मुदतीत फेडले तरच व्याजाची सवलत मिळते. मग मे-जूनचा खर्च वेगळ्या बँक खात्यात टाकतो, त्या खात्याचे एटीएम कार्ड घेतलेलेच नाही. उरलेल्या रकमेचे पुढच्या पिकापर्यंतच्या महिन्यांत समान भाग पाडतो आणि महिन्याला तेवढाच भाग घरखर्चाला मिळतो. हे भाग कोणत्याही कारणाने पुढे ओढायचे नाहीत, असे घरातल्या सर्वांसमोर ठरले आहे. दवाखान्यासाठी वेगळी रक्कम आहे, ती पत्नीच्या नावावर. पत्नी पगारदार मैत्रिणींबरोबर महिन्याची भिशी लावत असे, ती बंद केली, कारण दर महिन्याला हप्ता भरणे आमच्या उत्पन्नाला जुळत नव्हते. ज्यांना नियमित पगार आहे त्यांनी टपाल खात्याची ५ वर्षांची आवर्ती ठेव पाहावी, तेथे पैसा अधिक सुरक्षित राहतो.

आणि याचा आवराआवरीशी थेट संबंध आहे. पैसा आला की वस्तू येतात. आमच्या घरातली निम्मी अडगळ दिवाळी ते संक्रांत या काळात घेतलेली होती. आता मोठी वस्तू घ्यायची असेल तर ती वहीत लिहून ठेवतो आणि आखाजीला वही उघडतो. तोवर तिची गरज टिकली असेल तर घेतो.

प्रतिसाद, नंदुरबार

शिरपूरच्या भाऊंच्या वहीत एक रकाना वाढवावा, घरात आधीच काय आहे याचा. आमच्याकडे मिरची वर्षाची भरतात. आमची बाजारपेठच लाल मिरचीची, त्यामुळे हंगामात चांगली मिरची दारात मिळते आणि मोह होतो. मागची किती उरली ते न पाहता घेतली की जुनीचा रंग जातो आणि ती वाया जाते. मिरची देठासह कडकडीत वाळवून अख्खी ठेवावी आणि तिखट लागेल तसे दोन-तीन महिन्यांचे कुटावे.

प्रतिसाद, पाचोरा

गावच्या बंद घराविषयी विचारायचे आहे. वडिलांच्या माघारी धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर बंद आहे, आम्ही तीन भाऊ आणि एक बहीण बाहेरगावी आहोत. पावसाळ्यात माती गळते आणि आतल्या सागवानी फडताळाचे व पितळी भांड्यांचे नुकसान होत आहे. कोणी एकाने जाऊन आवरले तर दुसऱ्याला वाईट वाटेल, म्हणून कोणीच जात नाही.

धागाकर्ती, जळगाव

भाऊ, हे एकट्याने करूच नये. आखाजीला बहीण माहेरी येते. त्याच दिवसांत चौघांनी एकत्र जावे, कारण वडिलांच्या घरावर तिचाही हक्क आहे आणि कोणती वस्तू आईची होती हे बहुधा तिलाच अधिक ठाऊक असते. आधी काहीही न हलवता खोलीखोलीची छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर कागदांची पेटी, नंदुरबारच्या प्रतिसादात सांगितले आहे तशी वेगळी करावी. वस्तूंमध्ये प्रत्येकाने आपल्याला मनापासून हवी असलेली एक वस्तू आधी मागून घ्यावी, तीवर दुसऱ्याने बोलू नये. राहिलेले पितळ-तांबे नगावर न वाटता वजनावर वाटावे, म्हणजे एकाकडे हंडा आणि दुसऱ्याकडे पेले असा वाद राहत नाही. जे कोणालाच नको ते मोडीत देऊन आलेल्या पैशातून धाब्याची माती आणि पन्हाळी दुरुस्त करून घ्यावीत. फडताळ मोठे असेल तर ते सुटे करून नेता येते. जुन्या सागवानी कामात बहुधा खिळे नसून लाकडी खुंट्या असतात, तेव्हा ते उघडायला सुतारच बोलवावा आणि फळ्यांवर खडूने क्रमांक घालून घ्यावेत.